डॉक्टरकीचा अर्ज आणि कोतवाल बुकातली नोंद



दिवाळीनंतरची, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट आहे. आर्णी तालुक्यातल्या एका गावात गुलाबी बोंडअळीची पाहणी करायला गेलो होतो. वीस हिरवी बोंडे तोडली, फोडून पाहिली, अळी किती सापडली ते वहीत लिहिले. शेतकरी शेजारीच उभा होता, पण त्याचे लक्ष बोंडात नव्हते. पाहणी संपल्यावर त्याने विचारले, "सायेब, कापूस आता इकून टाकू का थांबू?"

मी म्हटले, ओलावा किती आहे ते आधी पाहू. सीसीआय १२ टक्क्यांच्या वरचा ओला कापूस घेत नाही आणि ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापते. दोन-चार दिवस वाळवा. 'कपास किसान' ॲपवर नोंदणी झाली आहे, केंद्राचा नंबर लागू द्या.

"थे सारं खरं हाये सायेब. पण पोरीच्या क्लासचा दुसरा हप्ता भराचा हाये. तारीख जवळ आली."

हा शेतकरी मला जुना ओळखीचा. २०१७ च्या फवारणीत आपल्या जिल्ह्यात विषबाधेने वीसेक माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली, हे तुम्हाला सांगायला नको. त्या शेकड्यात हाही होता. यवतमाळच्या मेडिकलमध्ये आठ दिवस काढून घरी आला. पोरगी तेव्हा तिसरीत होती. आता अकरावीत आहे. वडिलांना वॉर्डात पाहिलेल्या त्या पोरीने डॉक्टर व्हायचे मनात धरले आणि बापाने नांदेडला क्लास लावला.

मी दहावीनंतर कृषी पदविका केलेला माणूस. मेडिकलच्या प्रवेशावर लिहिण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार काहीच नाही. पण गेली काही वर्षे धुऱ्यावर उभे राहिल्यावर अळीपेक्षा 'नीट'चे प्रश्न जास्त येतात. आणि शिवाय माझ्या स्वतःच्या घरात या कामात एक मोठी चूक झालेली आहे, ती माझ्याच हातून. तीही पुढे सांगतो.

आधी हे प्रकरण आहे काय ते समजून घेऊ

पूर्वी बारावीच्या गुणांवर मेडिकलला प्रवेश मिळत असे. १९९९ पासून राज्याची सीईटी आली. मग 'नीट' २०१३ मध्ये आली, कोर्टात अडकली, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने परत आली आणि २०१७ पासून आपल्या राज्यातले सगळे प्रवेश तिच्यावरच होऊ लागले. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न होते आणि वेळ ३ तास. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा, एकूण ७२० गुण. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. पण आपल्याकडे अकरावी-बारावी विज्ञानाचा अभ्यास इंग्रजीतून होतो, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या लेकराला अकरावीत एकाच वेळी दोन ओझी उचलावी लागतात, विषयाचे आणि भाषेचे. पहिले सहा महिने असे लेकरू मागे पडलेले दिसले तर ते 'ढ' आहे असे समजू नका.

आता एक गैरसमज. दरवर्षी जून महिन्यात गावोगावच्या चौकात फलक लागतात: 'नीट परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' पेढे वाटले जातात. सरपंच शाल घालतात. चांगली गोष्ट आहे. पण 'पात्र' होणे वेगळे आणि प्रवेश मिळणे वेगळे. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली, त्यातली १२ लाखांवर पात्र ठरली. खुल्या गटाला पात्रतेसाठी ७२० पैकी १४४ गुण पुरले, मागास गटांना ११३. आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. उरलेल्या जागांची फी पाहिली तर आपले वावर विकूनही ती पुरी होत नाही. म्हणजे पात्र झालेल्या दहा पोरांपैकी एकाला जागा, आणि परवडेल अशी जागा वीसातल्या एकाला. फलक लावलेल्या पोराला ऑगस्टमध्ये कळते की आपल्याला काहीच मिळत नाही. तोवर सगळा गाव त्याला 'डॉक्टर' म्हणून हाक मारायला लागलेला असतो. त्या पोराला मग चौकातून जाणे नको वाटते. सरपंच साहेबांना विनंती की, फलक लावायचाच असेल तर जागा मिळाल्यावर लावा.

जवळच्या मेडिकलविषयीही एक बदल माहीत असावा. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले. गहुलीच्या सुपुत्राचे नाव त्याला दिले. पुष्कळ वर्षे राज्यात ७०:३० चे सूत्र होते. विदर्भातल्या कॉलेजांच्या ७० टक्के जागा विदर्भातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातल्या मुलांना. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. मराठवाड्यात कॉलेजे कमी असल्याने तिकडच्या मुलांवर त्या सूत्राने अन्याय होत होता, त्यांची तक्रार खरी होती. पण त्याचा अर्थ आपल्यासाठी असा की, आता यवतमाळच्या जागेसाठी यवतमाळचे पोरगे लातूर, नांदेड, पुणे, सगळ्यांशी लढते. उलट आपल्या पोरालाही राज्यात कुठेही जागा मिळू शकते. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी असतात, त्यांचा अर्ज दिल्लीच्या समितीकडे वेगळा करावा लागतो. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षाकडून भरतात.

पांढरकवडा, झरी, वणी या भागातल्या वाचकांनी पुढची ओळ दोनदा वाचावी. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. काही सरकारी नोकरांच्या मुलांना सवलत आहे, शेतकऱ्यांच्या मुलांना नाही. आदिलाबाद जवळ पडते, हैदराबादचे क्लास नावाजलेले आहेत, म्हणून अकरावी-बारावीचा प्रवेशच पलीकडे घेतला तर पोरगे आपल्याच राज्यात परके ठरते. क्लास कुठेही करा, बारावीचा दाखला महाराष्ट्रातला हवा.

कागद

आता माझी चूक सांगतो.

माझी मोठी बहीण पुसदकडे दिलेली आहे. घर इतर मागासवर्गात मोडते. भाची हुशार. २०१९ मध्ये ती अकरावीला गेली तेव्हा दाजींनी मला विचारले होते, "जात पडताळणीचं आताच टाकून द्याचं काय?" आमच्या घरात सरकारी नोकरीतला मीच एकटा, म्हणून कागदाचे काहीही असले की मला विचारतात. मी म्हटले, "घाई कशाची? पोरीचे गुण तर येऊ द्या." पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागले. कचेऱ्या बंद झाल्या, उघडल्या, पुन्हा बंद झाल्या. अर्ज टाकला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. त्यात तिच्या पणजोबांची जुनी नोंद निघाली ती अशी: नाव, 'वल्द' लावून बापाचे नाव, जात. आडनावच नाही. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आडनाव होते, पण ते वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले. मग चौकशी लागली. दक्षता पथकाचा माणूस घरी येऊन जबाब घेऊन गेला.

नीट त्या वर्षी १२ सप्टेंबरला झाली. पोरीला गुण चांगले पडले. तिच्या गटातून सरकारी जागा मिळाली असती. पण कागद तपासणीच्या दिवशी वैधता प्रमाणपत्र हातात नव्हते. खुल्या गटात टाकले आणि थोडक्या गुणांनी हुकले. प्रमाणपत्र नंतर आले. तोवर फेऱ्या संपल्या होत्या.

तिने एक वर्ष गॅप घेतला. ते वर्ष कसे गेले ते मी जवळून पाहिले आहे. दर रविवारी क्लासची चाचणी, सोमवारी बापाच्या मोबाइलवर गुण. गुण कमी आले की पोरगी जेवत नसे. पुढेपुढे मोबाइल लपवून ठेवू लागली. मी घरी गेलो की "मामा, बसा" म्हणून चहा करायची आणि आत निघून जायची. २०२२ मध्ये गुण आधीच्यापेक्षा कमी पडले. तिने आयुर्वेदाला प्रवेश घेतला. आता शिक्षण संपत आले आहे आणि रुग्ण तपासताना ती आनंदात दिसते. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दाजींनीही दिला नाही. पण तो कागद वेळेवर काढायला मी सांगायला हवे होते, हे माझ्या मनातून जात नाही.

म्हणून गावातल्या ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी आणि मुख्याध्यापक मंडळींसाठी आणि तुमच्यासाठी हा भाग जरा सविस्तर लिहितो. (तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि आम्हा कृषी सहायकांनाही २०२५ मध्ये सहायक कृषी अधिकारी हे नाव मिळाले. गावात अजून कोणी तसे म्हणत नाही, तेव्हा जुनीच नावे चालवून घ्या.)

लेकरू अकरावी विज्ञानाला गेले की त्याच वर्षी जात पडताळणीचा अर्ज टाकायचा. बारावीपर्यंत थांबायचे नाही. अर्ज कॉलेजमार्फत जातो, तेव्हा प्राचार्यांकडे चौकशी करा. मुख्य पुरावा लागतो तो ठरावीक तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीची, बापाच्या बाजूच्या वाडवडिलांची जातीची नोंद शोधायची. आईच्या बाजूची चालत नाही.

ही नोंद मिळते कुठे? आपल्या विदर्भात कोतवाल बुक ही मोठी ठेव आहे. गावातला जन्म-मृत्यू कोतवालाने लिहून दिलेला, त्यात जात लिहिलेली असते. ही बुके तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. नक्कल मागताना पणजोबांचे नाव, गाव आणि जन्म किंवा मृत्यूचे अंदाजे साल सांगावे लागते. साल माहीत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. "पटकी आली तेव्हा", "मोठा पूर आला तेव्हा" असे काही तरी ते सांगतात, त्यावरून साल काढता येते. म्हातारी माणसे आहेत तोवर हे विचारून ठेवा. दुसरे ठिकाण म्हणजे जुन्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. आजोबा दोन यत्ताही शिकले असतील तर नाव तिथे सापडते. काही शाळांत ही रजिस्टरे वाळवीने खाल्लेली आहेत. मुख्याध्यापकांनी आहेत तेवढी तरी कपाटात वर ठेवावीत, जमिनीवर गठ्ठा ठेवू नये.

नक्कल मिळाली की ती वाचा. आडनाव आहे काय? नावाचे स्पेलिंग, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, बापाच्या दाखल्याशी जुळते काय? जात पूर्ण लिहिलेली आहे की नुसते एक अक्षर? फरक असेल तर घाबरायचे कारण नाही, पण वेळ लागतो. पिढ्यांचा वंशवृक्ष आणि प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, कधी चौकशी होते. काकाला, आत्याला किंवा चुलत भावंडाला आधी वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत नक्की जोडा, काम पुष्कळ हलके होते. भावकीतले भांडण असेल तर या कामापुरते मिटवा. दोन ठिकाणी केवळ धुऱ्याच्या भांडणामुळे चुलत्याने प्रत दिली नाही, हे मी पाहिले आहे.

याखेरीज तहसीलमधून वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि मराठा समाजाच्या मुलांना नॉन क्रिमिलेअर लागते आणि त्याची मुदत प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. जुने, मुदत गेलेले प्रमाणपत्र घेऊन पोरे दरवर्षी रांगेत उभी राहतात. देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळे काढावे लागते. खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल घटकाला जात पडताळणी लागत नाही, पण त्या वर्षाचे प्रमाणपत्र लागते.

मुलींच्या बापांसाठी एक महत्त्वाची बाब. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागासवर्ग, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मेडिकलही त्यात आहे. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून झालेला हवा, अभिमत विद्यापीठाला ही सवलत नाही. "पोरीवर इतका खर्च कशाला" म्हणणाऱ्यांना हे सांगा.

पैसा

दुसरा हप्ता भरायचा म्हणून ओला कापूस खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकायचा, हा प्रकार मला फार दिसतो. जरा हिशेब करू. क्लास, खोली, खानावळ, पुस्तके, जाणे-येणे मिळून वर्षाला दोन लाख खर्च धरा. कुठे कमी, कुठे जास्त. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दोन लाखांसाठी २५ क्विंटल कापूस द्यावा लागला. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल निघाला तर पाच एकराचा सगळा कापूस, तोही बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी काही वजा न करता. दोन वर्षांचे ५० क्विंटल. एक वर्ष गॅप घेतला तर ७५. पाच एकरवाल्याने तीन वर्षे खायचे काय, हा प्रश्न क्लासच्या जाहिरातीत छापलेला नसतो.

क्लास लावू नका असे मी म्हणत नाही. पण क्लास लावण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके व विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन क्रिमिलेअर मुलांसाठी नागपूरची 'महाज्योती' संस्था दहावीनंतर नीटचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, टॅब आणि डेटाही देते. तिची जाहिरात निघाली की शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका. अनुसूचित जाती, जमाती आणि मराठा-कुणबी समाजासाठीही राज्याच्या वेगवेगळ्या संस्था आहेत, त्यांच्या योजनांची चौकशी समाजकल्याण आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयात करा. क्लासची फी एकरकमी भरू नका, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मधेच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत द्यावी असे म्हटले आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला घेऊ नये असेही त्यात आहे, तेव्हा सातवी-आठवीपासून 'फाउंडेशन' लावायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि सावकाराकडे जाऊ नका. शैक्षणिक कर्ज प्रवेश मिळाल्यावर मिळते. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय देण्याची सोय आहे. क्लाससाठी मात्र तसे कर्ज नसते, म्हणून तिथे माणूस सावकाराच्या दारी जातो.

एजंटाबद्दल थोडक्यात. "डोनेशन देऊन जागा करून देतो" म्हणणारा कोणीही असो, अगदी नात्यातला असो, पैसे देऊ नका. जागा गुणवत्ता यादीनेच मिळते. परदेशातल्या स्वस्त मेडिकलचे फलक आता तालुक्याच्या गावीही दिसतात. तिकडे जायलाही नीट पात्र असावे लागते आणि परत आल्यावर इथे वैद्यकी करायला वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. जून २०२४ मध्ये त्या परीक्षेत पाचातला एकच पास झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून आपली मुले कशी परतली तेही विसरू नका.

किती वेळा?

नीट कितीही वेळा देता येते. वयाची वरची अटही उरलेली नाही. सरकारने मर्यादा घातलेली नाही, तेव्हा ती घराने घालायची, आणि तीही पहिल्या परीक्षेच्या आधी, निकालाच्या दिवशी नाही. निकालाच्या दिवशी कोणीच शहाणपणाने बोलत नाही. पोराला समोर बसवून ठरवा: एकदा, फार तर दोनदा. त्यानंतर काय, हेही त्याच बैठकीत ठरवा.

त्याच गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथीचे प्रवेश होतात. यवतमाळातच आयुर्वेद महाविद्यालय आहे. आणि आमच्या खात्याच्या जवळचा म्हणून मी पशुवैद्यकाचा आग्रह धरतो. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात, अर्ज मात्र वेगळा करावा लागतो. बैल आजारी पडल्यावर डॉक्टर किती कोसांवरून येतो हे तुम्हाला माहीत आहे. तरी "ढोराचा डॉक्टर?" म्हणून नाक मुरडणारे बाप मला भेटतात. त्यांना मी विचारतो, तुमच्या गोठ्यातली गाय अडली तेव्हा तुम्ही कोणाला फोन केला होता?

मनावरचा ताण हा भाग आपण फारसा बोलत नाही. २०२३ मध्ये राजस्थानातल्या कोट्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. तिथल्या प्रशासनाला खोल्यांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायला सांगावे लागले. आपला जिल्हा या दुःखाला अनोळखी नाही. आपण बापांचे गेलेले पाहिले आहेत. म्हणूनच सांगतो, "तुझ्यासाठी वावर विकलं", "तुझ्यासाठी कर्ज काढलं" हे वाक्य पोराजवळ बोलू नका. पोराला ते माहीतच असते. रात्री दिवा मालवल्यावर ते तेच मोजत बसते. २०२४ मध्ये तर पेपरफुटीच्या प्रकरणाने ५ मेपासून २३ जुलैच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत पोरांना आपली परीक्षा राहील की रद्द होईल हेच कळत नव्हते. त्यात पोरांचा काय दोष होता?

लेकरू जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, फोनवर नुसते "हो-नाही" बोलू लागले, गावी यायला टाळू लागले, तर क्लासवाल्याला फोन न करता पहिली बस धरा आणि स्वतः जा. दोन दिवस सोबत राहा, गुणांचा विषय काढू नका. 'टेली मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. २०२२ पासून तो चालू आहे, चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलता येते. पोराला द्या, स्वतःही लावा. बापालाही ताण असतो.

ग्रामपंचायतींना एक सुचवतो. दहावीचा निकाल लागला की शाळेत एक दिवस कागदपत्रांचे शिबिर घ्या. तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि सेतू केंद्रवाला एकत्र बसले तर कोणत्या घरात कोणती नोंद नाही ते संध्याकाळपर्यंत कळते. एका गावात आम्ही हे पीक विमा शिबिरासोबतच केले. विम्यासाठी आलेले बाप पोरांचे दाखलेही घेऊन आले. चौदा पोरांपैकी पाच जणांची नावे दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे अशी निघाली.

आर्णीच्या त्या शेतकऱ्याने शेवटी कापूस अर्धा विकला. अर्धा वाळवून ठेवला आणि नंबर आल्यावर केंद्रावर नेला. क्लासवाल्याशी मीच फोनवर बोललो, त्याने हप्त्याला तीन आठवडे मुदत दिली. विचारले की बहुतेक जण देतात, आपणच विचारत नाही. पोरीच्या जात पडताळणीचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "थे बारावी झाल्यावर पाहू म्हटलं." तेव्हा त्याला मी माझ्या भाचीची गोष्ट सांगितली. दुसऱ्याच दिवशी तो तहसीलला गेला.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. कोतवाल बुकाची नक्कल मिळाली आहे. पणजोबाचे नाव आहे, जात आहे, पण आडनाव नाही. आजोबा ज्या शाळेत गेले ती शेजारच्या गावची शाळा अजून आहे. तिथले जुने रजिस्टर पाहायला सोमवारी आम्ही दोघे जाणार आहोत. मुख्याध्यापकांना कळवून ठेवले आहे.